अंजनेरीचा चातुर्मास

शके १०६३ म्हणजे इ.स. ११४२ च्या सुमाराची गोष्ट. यादव राजा सेऊणचंद्र तिसरा याने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ स्वामी यांच्या मंदिरास नगरातील तीन दुकाने अर्पण केली. त्याच वेळी वत्सराज नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने, आणि त्याच्यासह लाहड व दशरथ या दोघांनी, त्याच मंदिरासाठी एक दुकान आणि एक घर दिले. हा सगळा व्यवहार दगडावर कोरून ठेवलेला आहे, आणि तो दगड आपल्या नाशिकपासून अवघ्या वीस किलोमीटरवर, त्र्यंबक रस्त्याच्या डाव्या हाताला असलेल्या अंजनेरी गावातला आहे. दानपत्रांत जमिनी आणि गावे दिल्याचे उल्लेख आपण पुष्कळ वाचतो. दुकानांचे दान मात्र विरळा, आणि ते वाचताना पेढीवर बसणाऱ्या घरातील माणसाला जो आनंद होतो तो इतरांना होईल असे वाटत नाही.

अंजनेरीचे व्यापाराशी असलेले नाते याहूनही जुने आहे. हरिश्चंद्र वंशातील राजा भोगशक्ती याचे ताम्रपट याच गावात सापडले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांतील एका ताम्रपटावर कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१०-११, असा काळ आहे. दुसऱ्या लेखात ओस पडलेले एक नगर पुन्हा वसवल्याची हकीकत आहे. वस्ती करायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना राजाने जकात माफ केली, आणि निपुत्रिकाची मालमत्ता सरकारजमा होणार नाही असे अभिवचन दिले. उजाड गावात प्राण आणायचा तर आधी वाणी-व्यापाऱ्यांना बोलवावे लागते, हे त्या राजाला तेराशे वर्षांपूर्वी पुरते उमगलेले होते. आज त्याच गावाच्या हद्दीत भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथल्या संग्रहालयातील नाणी मुलांना अवश्य दाखवावीत. आमच्या नातवाला डोंगरापेक्षा नाण्यांचे आकर्षण अधिक, हे मी आधीच सांगून टाकते.

पण आज लिहायचे आहे ते डोंगराविषयी.

अंजनेरी हा समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांहून अधिक उंचीचा, माथ्यावर ऐसपैस पठार असलेला डोंगर. अंजनीमातेचे आणि हनुमंताचे स्थान म्हणून त्याची ख्याती आहे. राघोबादादा पेशव्यांचे येथे वास्तव्य होते, आणि पुढे इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी येथे येऊन राहत. २०१७ साली शासनाने या डोंगराचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. शहराच्या एवढ्या निकट असे राखलेले रान असणे हे आपले भाग्य आहे. शहरातून पहाटे निघावे, उन्हे चढण्यापूर्वी पहिल्या पठारावर असावे आणि दुपारी घरी परतावे, इतके ते जवळ आहे.

आम्ही गेलो ते कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी. तिथी मुद्दाम निवडली होती, त्याचे कारण पुढे येईल. सोबत सासूबाई, माझे यजमान, दोन्ही मुले, सूनबाई, नातू आणि काकासा, म्हणजे माझ्या कैलासवासी सासऱ्यांचे धाकटे बंधू. काकासा एरवी डोंगराच्या वाटेला जाणारे नव्हेत. त्यांचे येणे वेगळ्या कामासाठी होते. अंजनेरीच्या पायथ्याला एका दलालाने त्यांना प्लॉट दाखवायचे ठरवले होते. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत, वर रोपवे येणार आहे, आज घेतलेली जमीन पाच वर्षांत तिप्पट होईल, हे त्याचे म्हणणे. आमच्या घरातील धान्याची पेढी पूर्वीसारखी चालत नाही. मुलांना नवे काही करायचे आहे. पायथ्याला एक लहानसे शाकाहारी भोजनगृह आणि चार खोल्या काढाव्यात, हा विचार घरात महिनाभर घोळत होता. तेव्हा आमची ही सहल निव्वळ सहल नव्हती.

सासूबाईंना गावातच उतरवले. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या अशक्य. गावाच्या परिसरात जुन्या देवळांचे भग्न समूह आहेत. त्यांत शैव-वैष्णव आहेत तशी जैन मंदिरेही आहेत. मोठी सूनबाई त्यांच्यापाशी थांबली. आम्ही उरलेले पुढे निघालो.

गावातून वनखात्याच्या नाक्यापर्यंत वाहन जाते. तेथून पायऱ्या. माकडांची टोळी आपल्या हातातील पिशवीकडे पाहतच असते. खाण्याचे जिन्नस पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावेत आणि त्यांना काही घालू नये. दयेपोटी घातलेला खाऊ त्यांना रानातून रस्त्यावर आणतो. हे आपल्या लोकांना सांगणे जड जाते, कारण जीवदया म्हटले की आपला हात आधी डब्याकडे जातो.

पायऱ्यांची वाट दोन कातळकड्यांमधून वर चढते. सकाळी तिथे ऊन पोहोचलेले नसते आणि दगडांना ओल असते. अर्ध्या वाटेवर कातळात कोरलेले जैन लेणे लागते. लहानसे आहे. दाराची चौकट कोरीव, आत पार्श्वनाथ प्रभूंची प्रतिमा. वेरूळ पाहिलेल्याला येथे विशेष काही वाटणार नाही, आणि तसे वाटावे असा या लेण्याचा आग्रहही नाही. पावसाने झिजलेल्या त्या रेषांपुढे आम्ही नवकार म्हटला. मागून येणारी तरुणांची एक टोळी आपण होऊन गप्प उभी राहिली आणि आमचे झाल्यावर ‘काका, हे कोणाचे देऊळ?’ असे विचारून पुढे गेली. काकासांनी त्यांना सेऊणचंद्रापासून सारे सांगितले. ही माहिती त्यांना येताना गाडीत आमच्या धाकट्याने दिलेली होती, पण सांगताना ती त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली वाटत होती.

पहिल्या पठारावर पोहोचलो तेव्हा नवकारशीची वेळ होऊन गेली होती. तेथे बसून खाखरे आणि सुका नाश्ता केला. उकळलेले पाणी घरूनच नेले होते. पठारावर अंजनीमातेचे मंदिर आहे. पुढे तलाव आहे, त्याचा आकार हनुमंताच्या पावलासारखा असे म्हणतात, आणि वरच्या कड्यावरून पाहिल्यास ते पटते. गवत पिवळे होऊ लागले होते. पावसाळ्यात हेच पठार हिरवेगार असते, ढग पायांजवळून जातात, आणि शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की पायऱ्यांवर रांग लागते. आम्हाला मात्र दहा-बारा माणसांपलीकडे कोणी दिसले नाही.

या पठाराच्या मातीत एक वनस्पती आहे, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. कंदीलपुष्प हे तिचे मराठी नाव. फूल खरोखरच टांगलेल्या कंदिलासारखे असते. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके एकमेकींना जुळलेली. कंदीलपुष्पाच्या अनेक जाती सह्याद्रीत आहेत. त्यांपैकी एकीला शास्त्रज्ञांनी या डोंगराचेच नाव दिले आहे : सेरोपेजिया अंजनेरिका. या शतकातच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. अंजनेरी आणि आसपासचे मोजके डोंगर सोडले तर ती जगात कोठे आढळत नाही. फुलते ती पावसाळ्यात. पाऊस सरला की देठ वाळून जातो आणि सारे झाड जमिनीखालच्या एका लहान कंदात मिटून बसते. पुढच्या ज्येष्ठापर्यंत वरून काहीही दिसत नाही.

म्हणजे आम्ही ते फूल पाहिले नाही. पाहण्याची इच्छा असती तर श्रावणात यावे लागले असते. परंतु श्रावणात येथे येणाऱ्या प्रत्येक पावलाखाली तेच असते. वाट चिखलाने निसरडी होते, म्हणून लोक वाटेच्या कडेने गवतातून चालतात; एका वाटेच्या पाच वाटा होतात; छायाचित्रासाठी पठारभर माणसे पसरतात. शिवाय कंदीलपुष्पाच्या कुळातील कंद खाण्याजोगे असल्याने ते उकरूनही खाल्ले जातात. आपल्याकडे कंदमुळाचा त्याग लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो, आणि त्याचे कारण विचारले तर अनंतकाय हा एक शब्द सांगून आपण मोकळे होतो. त्या पठारावर उभे असताना त्या शब्दाचा अर्थ मला प्रथमच मातीत पाहायला मिळाला. पान तोडले तर झाड उरते. कंद उपटला तर येथे एका जातीचाच वंश संपू शकतो.

श्वेतांबर परंपरेत शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात बंद असते, हे वाचकांना सांगायला नको. आषाढी चौमासीपासून गिरिराजावर कोणी चढत नाही, आणि कार्तिकी पौर्णिमेला यात्रा पुन्हा सुरू होते. साधू-साध्वी या काळात विहार करत नाहीत, कारण पावसात पृथ्वी जीवांनी भरलेली असते आणि टाकलेले प्रत्येक पाऊल हिंसेचे होऊ शकते. ही आज्ञा ज्यांनी घातली त्यांच्यापुढे कंदीलपुष्प नव्हते. पण चार महिने डोंगर डोंगराला द्यावा, ही गोष्ट त्यांना दिसली होती. आज वनखात्याने एखाद्या पठारावर पावसाळ्यात प्रवेश बंद केला की वृत्तपत्रांत तक्रारी छापून येतात. आपण श्रावकांनी तरी तक्रार करू नये. आपल्याकडे तो नियम शतकानुशतके आहे. म्हणूनच आम्ही कार्तिकीनंतर आलो.

वरच्या पठारावर सारेच गेले नाहीत. यजमान, धाकटा मुलगा, मी आणि आश्चर्य म्हणजे काकासा, असे चौघे गेलो. दुसरी चढण कारवीच्या दाटीतून जाते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. हे तिचे वर्ष नव्हते, पण तिच्या उभ्या काड्यांनी उतार कसा धरून ठेवला आहे हे पाहण्यासारखे आहे. वरून एका बाजूस ब्रह्मगिरी, पलीकडे हरिहर, आणि दुसरीकडे गंगापूर धरणाचे पाणी दिसते. नाशिककर जे पाणी पितात ते असे दोन नजरांच्या टप्प्यात उगम पावून साठते.

कड्याच्या पोटात गिधाडांची वस्ती आहे. लांब चोचीची गिधाडे या कपारींत घरटी करतात. आम्हाला दोन दिसली. पंख न हलवता आमच्या पायांखालून तरंगत गेली. धाकट्याने सांगितले, गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे देशभर मेली. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हे ऐकून यजमान बराच वेळ बोलले नाहीत. पांजरपोळांशी आपल्या घराघराचे नाते आहे. म्हाताऱ्या गायीचे दुखणे कमी व्हावे म्हणून दिलेल्या सुईने आकाशातला पक्षी मरतो, ही साखळी डोळ्यांपुढे येणे सुखाचे नाही. पांजरपोळांच्या विश्वस्तांनी आपल्या पशुवैद्यांना हा प्रश्न एकदा तरी विचारावा, एवढी विनंती मी येथे करून ठेवते.

येथे थोडे विषयांतर. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना तिने आम्हाला ओकलंड शहरामागच्या टेकड्यांवरील रेडवुड वृक्षांच्या उद्यानात नेले होते. शहरापासून थोडक्या वेळात पोहोचता येणारे रान, सुबक वाटा, मान मागे टाकूनही शेंडा न दिसणारी झाडे. मी हरखून गेले. मग एका फलकापाशी थांबून मुलीने वाचून दाखवले की ही झाडे मूळची नव्हेतच. पूर्वी येथे याहून कितीतरी प्रचंड वृक्ष होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरणाऱ्या जहाजांचे कप्तान त्यांतल्या दोन झाडांवर नजर धरून पाण्याखालचा एक खडक चुकवीत. सोन्याच्या शोधात माणसे लोटली, शहर वाढले, लाकूड हवे झाले, आणि १८६० पर्यंत ते सारे रान तोडून संपले. जहाजांना वाट दाखवणारी झाडेही गेली. आज दिसतात ती तोडलेल्या बुंध्यांच्या मुळांतून फुटलेली पिढी. म्हणून ती वर्तुळात उभी असतात, आणि मधोमध जिथे आई होती तिथे रिकामी जागा असते. रेडवुडला मुळापासून फुटण्याचे वरदान आहे म्हणून त्या शहराला दुसरी संधी मिळाली. सगळ्या झाडांना ते नसते.

अंजनेरीच्या माथ्यावर मी काकासांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला शोभेसा प्रश्न केला : ‘मग लाकूड विकणारे कमावून गेले की नाही?’ गेले असणारच. यावर यजमानांनी त्यांना कर्मादानांची आठवण दिली. श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा व्यवसाय वर्ज्य सांगितले आहेत. प्रतिक्रमणात आपण ते दरवेळी म्हणतो. इंगालकम्मे म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा, वणकम्मे म्हणजे रान तोडण्याचा, फोडीकम्मे म्हणजे जमीन व खडक फोडण्याचा, दवग्गिदावणया म्हणजे रानाला वणवा लावणे, सरदहतलायसोसणया म्हणजे तळी-तलाव आटवणे. पंधरांपैकी पाच तर थेट अशाच डोंगराविषयी आहेत. काकासा म्हणाले, ‘त्यात प्लॉट नाही.’ ते हसून म्हणाले खरे, पण वाद तिथे संपला नाही, आणि माझ्या मते संपवण्याची घाईही नसावी.

कारण रोपवेच्या बाजूचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गेल्या काही वर्षांत या डोंगरावर मोटाररस्ता नेण्याची, तसेच ब्रह्मगिरी आणि अंजनेरी यांना जोडणारा रोपवे उभारण्याची योजना पुढे आली. नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी तिला कसून विरोध केला. २०२० पासून गिरनारवर रोपवे आहे, आणि त्यामुळे पुष्कळ वृद्धांना नेमिनाथ प्रभूंचे दर्शन सोपे झाले, हे कोण नाकारील? सासूबाईच जर पार्श्वनाथांच्या त्या लेण्यापर्यंत येऊ शकल्या असत्या तर मला किती समाधान झाले असते! परंतु रोपवे एकट्या सासूबाईंना वर नेणार नाही. तो श्रावणातल्या रविवारी हजारोंना त्या कंदांवर नेऊन सोडील, आणि त्यांच्यामागोमाग चहाची टपरी, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे रेनकोट. शत्रुंजयावर चढू न शकणाऱ्यांसाठी आपल्या पूर्वजांनी डोलीची सोय ठेवली, आणि डोलीही न सोसणाऱ्यांसाठी जय तळेटी आहे. तळेटीला केलेले वंदन गिरिराजाला पोहोचते, असे आपण मानतो. अंजनेरीला तळेटी आहे; तिला आज कोणी तळेटी म्हणत नाही, एवढेच.

वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. नाशिकहून त्र्यंबकला जाणारी कोणतीही बस अंजनेरी फाट्यावर थांबते. गाव आणि नाका गाठून दोन्ही पठारे पाहून उतरायला निवांत चालीने पाच-सहा तास धरावेत. वर पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. नेलेला कचरा खाली आणावा. चौविहार असणाऱ्यांना वेळेचे बंधन आपोआप पाळले जाते. इतरांनीही सूर्यास्तापूर्वी पायऱ्या उतरून यावे.

आम्ही खाली आलो तेव्हा सासूबाई एका पडक्या मंदिराच्या ओट्यावर सावलीत बसल्या होत्या. त्यांची दोन सामायिके झाली होती. गावातली एक बाई शेळ्या घेऊन तिथे आली होती, तिच्याशी त्यांची चांगली मैत्री जमली होती. चौकटीवर कोरलेली एक लहान जिनप्रतिमा त्यांनी आम्हाला बोटाने दाखवली. सकाळी आम्ही तिथूनच गेलो होतो आणि आमच्यापैकी एकाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते. ‘तीन दुकाने दिली म्हणता, ती कुठे होती?’ असे त्यांनी विचारले. आता तेथे शेत आणि झुडपे आहेत.

दलाल ठरल्याप्रमाणे नाक्यापाशी आला. जागा उताराला लागून होती, आणि तिच्या मधून पावसाळी ओहोळाची कोरडी खूण स्पष्ट दिसत होती. तो बुजवून सपाटी करून देऊ, एका दिवसाचे काम, असे त्याने सांगितले. काकासांनी सातबारा पाहिला, नकाशा पाहिला, भाव विचारला आणि कागद परत केले. ‘ओहोळ बुजवायचा नसेल तर किती जागा उरते, ते मोजून सांगा,’ एवढे म्हणाले. दलालाने मान डोलावली. अजून त्याचा फोन आलेला नाही.